किरकोळ म्हणून नोंदलेले मनगट

नळदुर्गजवळ महामार्गालगतच्या हाडांच्या दवाखान्यात महांतप्पा गेली एकोणीस वर्षे प्लास्टर चढवीत आणि उतरवीत होता. ट्रकखाली सापडलेली माणसे पाहून पाहून त्याच्या मनात दुखापतीची एक मोजपट्टीच तयार झाली होती. ओट्यावरून घसरून मनगट मोडून घेणाऱ्या बायका त्या मोजपट्टीवर कुठेच बसत नसत. नोंदवहीत त्यांची बोळवण एकाच शब्दाने होई: किरकोळ.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर वैदेही रुजू झाल्या आणि त्यांनी प्लास्टरच्या खोलीत एक कागद चिकटवला. पन्नाशी ओलांडलेल्या ज्या रुग्णाचे हाड साध्या पडण्याने मोडले असेल, त्याला प्लास्टर उतरवतानाच हाडांच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी, असे त्यात होते. महांतप्पाने वाद घातला.

"मॅडम, पडल्यावर हाड मोडणारच. त्यात हाडाचा काय गुन्हा?"

"उभ्या माणसाचं हाड नुसतं पडून मोडू नये, आप्पा. मोडलं, तर ते आतून ठिसूळ झालंय. आज मनगट गेलं, उद्या खुबा जाईल."

त्याने मान डोलावली. पटले मात्र नाही. गर्दीच्या दिवशी चिठ्ठ्या राहू लागल्या, पुढे गर्दी नसतानाही राहू लागल्या.

आज सकाळी सिताबाईंना जीपमधून आणले. न्हाणीत पाय घसरला होता. खुब्याचे हाड मोडले होते.

"मावशी, याआधी कधी हाड मोडलं होतं?" वैदेहींनी विचारले.

"मनगट की. गेल्या साली, येळवशीच्या सणाआधी. ह्या आप्पांनीच प्लास्टर काढलं."

वैदेहींनी महांतप्पाकडे पाहिले. "चिठ्ठी दिली होती ना?"

"दिली होती, मॅडम. समजावूनही सांगितलं. पण ही माणसं तपासणीसाठी सोलापूरला जायला मागत नाहीत." इतके घडीव खोटे आपल्या जिभेवर तयार होते, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

सिताबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "दिली आसंल. म्हातारीच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय? गेली आसंल चुलीत."

"तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर कदाचित हे टळलं असतं," वैदेही जरा कठोरपणे म्हणाल्या. सिताबाईंनी ते बोलणे खाली मान घालून ऐकले. ते ज्याच्या वाट्याचे होते, तो उशाशी उभा होता.

एक्स-रेच्या खोलीबाहेर दोघेच उरले, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, चिठ्ठी मी दिलीच नव्हती."

"ठावं हाय. कागद न कागद म्या डब्यात जपून ठिवते."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुमचं तोंड कशाला पाडू? त्या वक्ताला प्लास्टर लई जपून कापलं व्हतं तुमी." मग वेदनेने ओठ आवळून त्या म्हणाल्या, "जरा उशी सारखी करा."

त्याने उशी सारखी केली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, तर त्याला मान वर करता आली असती.

तो वैदेहींच्या टेबलापाशी गेला. केसपेपरवर त्यांनी लिहिले होते: चिठ्ठी दिली, रुग्णाचे दुर्लक्ष.

"मॅडम, हे खोडा. दुर्लक्ष माझं आहे. मघाशी मी खोटं बोललो."

वैदेहींनी ती ओळ खोडली. "अशी ही एकटीच आहे का?"

महांतप्पाने नोंदवही आणून त्यांच्यापुढे उघडली. पानामागून पान, त्याच्याच वळणदार अक्षरात तोच शब्द. वैदेहींनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला.

पहिले नाव अणदूरच्या शिवकांताबाईंचे होते.

"हात तर झ्याक हाय माजा. मग कशापायी येऊ?"

"हात बरा आहे, मावशी. पण हाडं ठिसूळ झालीत का, ते बघायचं आहे. पुन्हा पडलात तर खुबा मोडेल."

"मग हे प्लास्टर काढतानाच सांगायचं न्हाय का?"

वैदेही ऐकत होत्या.

"सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही."