ओढ्याकाठची चार रोपं

उसांबराच्या डोंगरात चाळीस वर्षं झाडपाला गोळा करणारा हिझा त्या सकाळी, वाळवलेली रोपं कागदावर चिकटवून जपणाऱ्या वनस्पतिसंग्रहालयात आला, तर सगळे टाळ्या वाजवायला लागले. गेल्या वर्षी त्यानं ओढ्याकाठून आणलेलं जांभळं फूल ही नवीच जात निघाली होती. जगात कुणी पाहिली नव्हती. आणि तिला नाव दिलं होतं हिझाचं!

"म्हातारीला सांगा, नवरा फुलला म्हणून," स्वयंपाकी खिदळला.

"फुलतोय कसला! वाळून कागदावर चिकटायचं वय झालं माझं," हिझा म्हणाला. पण स्वारी मनातून खूश होती. का नसावी? चौथीत शाळा सुटलेला माणूस तो.

जातींची वर्गवारी करणारी झुहुरा नकाशा पसरून बसली होती. "बाबा, ही कुठे कुठे उगवते ते लिहायचंय. ओढ्यावर आणखी किती आहेत? जमलं तर थोडं बी आणा, इथे वाढवू."



ओढ्याकाठच्या त्या ओल्या खडकावर चारच रोपं होती. चारही त्यानं मुळासकट उपटली होती. एक नमुना आपल्याला, तीन परदेशातल्या संग्रहालयांना, अशी रीतच होती. नेहमीचंच रानफूल समजून त्यानं चिठ्ठीवर 'इथे मुबलक' असंही ठोकून दिलं होतं.

"बघून येतो," एवढंच तो म्हणाला.

तीन आठवडे त्यानं तो ओढा उगमापासून वेलदोड्याच्या मळ्यांपर्यंत पालथा घातला. गुडघे सोलवटले, जळवांनी पाय रक्तबंबाळ केले. एक पानही सापडलं नाही. परत येऊन त्यानं झुहुराला सगळं सांगितलं आणि नमुन्यांचं कपाट उघडायला लावलं. भिंगाखाली तो आपला नमुना कितीतरी वेळ निरखत राहिला. एखादं बोंड, एखादं बी?

"बाकीच्या तिन्ही संग्रहालयांना विचारते, त्यांच्या नमुन्यात बी असेल," झुहुरा हळूच म्हणाली.

"नको विचारूस. चारही ऐन बहरात होती. तशीच उपटतो मी, म्हणून तर माझं कौतुक होतं." त्यानं भिंग बाजूला ठेवलं. "आठ दिवस थांबलो असतो ना पोरी, तर बी धरलं असतं."

"दुसऱ्या डोंगरावर असेल, बाबा."

"तिथंही शोधीन. पण आज खरं ते लिही. चारच होती, चारही मी उपटली."

झुहुराला लिहवेना. मग त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत, स्वतःच लिहिलं.