खुणेचा आंबा

मी थाळी आपटली नाही. हे मी साहेबाला तीनदा सांगितलं, गावी मिठबावात आल्यावर अख्ख्या वाडीला सांगितलं, आणि सगळ्यांनी ऐकून घेतल्यासारखं केलं. चहाच्या हॉटेलातला बाबली रोज विचारतो, काय गुरुदास, आज किती बश्या फोडल्या? त्याचं तोंड त्याच्याच चहाच्या पातेल्यात बुडवावंसं वाटतं.

हे १९६८ सालचं. मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर मी ऑपरेटर होतो. चिकटवलं होतं चुलतभावाने, भाईने. तो तिथे प्रोग्राम लिहायचा. गिऱ्हाइकांच्या नोंदी डिस्कवर राहायच्या. डिस्क म्हणजे एकावर एक रचलेल्या थाळ्या. त्यांचा जड गठ्ठा उचलून मशीनमध्ये बसवायचं काम माझं. एप्रिलपासून नोंदी बिघडू लागल्या. साहेबाने गठ्ठा पाहिला, मला पाहिलं आणि ठरवून टाकलं की मीच तो आपटलाय. भाई शेजारी उभा होता, त्याने चकार शब्द काढला नाही. मला घरी पाठवलं.

निघताना मी डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या मार्चच्या आणि एप्रिलच्या छापील याद्या पेटीत भरल्या. चोरी म्हणा हवं तर. मार्चमध्ये तेच मशीन, तोच गठ्ठा, तोच मी, आणि सगळं ठीक. म्हणजे खोट मधल्या बदलांत होती. ओटीवर याद्या पसरून मी ओळीला ओळ लावली. बदल निघाले अकरा. ऑफिसात मार्चचा प्रोग्राम घालूनही बिघडलेल्या नोंदी वाचता येत नव्हत्या, तेव्हा त्या लिहितानाच बिघडल्या होत्या. वाचण्याचे आणि छपाईचे नऊ बदल बाद केले. उरलेल्या दोनांवर चार दिवस गेले. आई जेवायला हाका मारायची आणि मी तिच्यावरही खेकसायचो.

प्रत्येक थाळीवर गोल कडी असतात, एका कड्यात वीस खाने. पहिला खाना खुणेचा, म्हणजे हे कितवं कडं ते मशीनला कळतं. नोंदींना उरतात एकोणीस. एप्रिलच्या प्रोग्रामने एका कड्यात वीस नोंदी धरल्या होत्या. विसावी नोंद पुढच्या कड्याच्या खुणेवर जाऊन बसायची, आणि मग ते कडंच मशीनला सापडायचं नाही.

ही चूक कोणाची ते मला तिथेच कळलं. खाली अंगणात भाईची आई, नर्मदाकाकी, आंबे मोजत होती. दर शेकड्याला एक आंबा खुणेला बाजूला ठेवायचा असतो. दुसरीकडे ही खूण शंभरातच असते. आमच्या घरात ती शंभरावर धरतात, शंभर ढिगात आणि एक बाजूला. भाई आणि मी लहानपणापासून तसेच मोजत आलो. त्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी आमच्या अंगणात आंबे मोजलेला माणूस एकच होता.

शनिवारी भाई सुट्टीवर आला. त्याने बॅग खाली ठेवायच्या आत मी यादी त्याच्यापुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ती वाचलीसुद्धा नाही.

"माका ठावक आसा," तो म्हणाला.

पंधरा दिवसांपूर्वीच त्याला ती सापडली होती. कोणाला न सांगता त्याने ती दुरुस्त केली. तेव्हापासून एकही नोंद बिघडली नव्हती.

"मगे सायब काय म्हणालो?"

भाईने बॅग खाली ठेवली. "म्हणालो, बघ, गुरुदास गेलो आणि मशीन सुधारला."

माझं डोकं फिरलं. चूक त्याची, दुरुस्ती त्याची, आणि त्या दुरुस्तीने आळ पक्का झाला माझ्यावर. तो सांगू लागला की त्याच्या बढतीचं चाललंय, दोन महिने जाऊ देत, मग तो मला दुसरीकडे चिकटवील. चिकटवशील, पण थाळ्या फोडणारा म्हणूनच ना, असं मी विचारलं.

"तू परत जा आणि ती चूक होती तशी घाल," मी म्हटलं. "मी हय मिठबावात आसंय. मशीन बिघडांदे. मगे सायबाक इचार, आता कोणी आपटल्यान?"

तसं करता येणार नाही, भाई म्हणाला. नर्मदाकाकी पदराला हात पुसत वर आली. तिने सगळं ऐकलं होतं. कॉम्प्युटर तिला कळत नव्हता, पण पोरगा कळत होता. तिने त्याची बॅग उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"साडेचारची एसटी अजून गेली नाय," ती म्हणाली.