काशीला सोडलेलं दूध

आईला माझं नाव आठवेनासं झालं, तरी दूध सोडल्याचं आठवत होतं. चहाला जराशी पांढुरकी झाक दिसली की ती कप बशीसकट माझ्याकडे सरकवायची.

"बाई, मी काशीला दूध सोडलंय. कोरा आण."

बाई म्हणजे मी. कामाला ठेवलेली, पण स्वभावानं बरी, असं तिनं शेजारच्या मीनाताईंना सांगितलं होतं.

काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ तिथं सोडून यायचा, ही आमच्याकडची रीत. बाबा गेल्यावर आई तिच्या मोठ्या जावेबरोबर, कुसाकाकूबरोबर, जाऊन आली. मी तेव्हा नागपूरला नोकरीत होते. नंतर एका दिवाळीला घरी आले तर आई कोरा चहा पीत होती, जेवताना दही नव्हतं आणि सायीचं पातेलं माळ्यावर गेलं होतं. गळ्यात माळ असल्यामुळे अंडी-मटण आधीच वर्ज्य. मी विचारलं, तर तिनं काशीचं सांगितलं. मला ते तिला शोभण्यासारखंच वाटलं.

मी नोकरी सोडून नाशिकला आले, तोवर ती गॅस पेटवायचं विसरली होती. गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच.

"अंडी-मांस नाही, त्यात दूध-दहीही बंद, मग असं होतं," त्या म्हणाल्या. "मेंदूला, नसांना ते लागतंच. इंजेक्शनं सुरू करू. वेळेत सापडलं तर काही जणांचं बरंचसं परत येतं. पण यांना स्मृतिभ्रंशाचा वेगळा आजारही असू शकतो. आणि वजन फार उतरलंय. आधी पोटात काहीतरी जाऊ दे."

'परत येतं' एवढेच शब्द मी घरी आणले. मग वाचत बसले. आहार आणि मेंदू यांवर जे सापडेल ते. वाचायची सवय असलेल्या माणसाला कारण सापडलं की हायसं वाटतं. माझ्याजवळ कारण होतं. दूध थांबलं म्हणून आई हरवत गेली. दूध सुरू झालं की येईल.

इंजेक्शनांनी तिला थोडी तरतरी आली. भिंत धरून चालायची, ती भिंत सोडून चालायला लागली. माझं नाव मात्र आलं नाही, आणि वजन उतरतच राहिलं. खजूर, शेंगदाण्याचं कूट, मऊ खिचडी. दोन घासांनंतर ती ओठ मिटून घ्यायची.

माझा भाऊ रविराज पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, पेजेत दुधाची पावडर मिसळ की. तिला काय कळतंय?"

"तेवढंच कळतं."

"मग तू तिचं व्रत सांभाळत बसणार? ती वाळत चाललीये."

"तिच्याजवळ दुसरं काय उरलंय, रवी?"

तो म्हणाला, "कुसाकाकूला बोलाव. काशीला तीच होती. तिचं ऐकेल आई."

कुसाकाकू दिंडोरीहून आली. द्राक्षबागेत छाटणी चालली होती, मजूर वाऱ्यावर सोडून ती आली होती, हे तिनं चप्पल काढता काढताच ऐकवलं.

"काय गं चंद्रभागा, वळखलं का?"

आईनं तिला निरखलं. "आमच्या जाऊबाईंसारख्या दिसता. पण त्या एवढ्या काळ्या नव्हत्या."

"तुझ्यापायी उन्हात आले, झाले काळी," काकू हसली आणि पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात आली.

मी तिला सगळं सांगितलं. कप विसळताना तिचा हात थांबला.

"दूध? दूध कुठं सोडलं तिनं? सीताफळ सोडलं. घाटावर मी शेजारीच व्हते. मी म्हणलं, कारलं सोड, सुटशील. तर मलाच म्हणती, देवाला फसवायचं नाय, लय आवडतं तेच सोडायचं. येताना गाडीत माझ्या वाटणीचासुद्धा दुधाचा चहा पिली."

"मग हे कधी?"

"मागं आमच्याकडं आली व्हती, तवा सीताफळं खात बसली. मी म्हणलं, अगं, तू सोडलंय ना? माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणली, कायतरी सोडलंय खरं. कोरा चहा त्याच्यानंतरचा."

म्हणजे विसरणं आधी आलं होतं. दूध त्यानंतर गेलं. दुधावाचून जे खचलं ते खचलंच. पण सुरुवात तिथं नव्हती. ती कुठं होती, हे आता कुठल्याच वाचनात सापडणार नव्हतं.

काकूनं कोमट दूध नेलं. "पी. तू सीताफळ सोडलंय, दूध नाय. मी साक्षीला व्हते."

"खरं?"

"गंगेची आण."

आईनं कप दोन्ही हातांनी धरला. संपवल्यावर वरच्या ओठावरची पांढरी रेघ जिभेनं टिपून तिनं मला विचारलं, "साय नाही का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कप सरकवला. "बाई, मी काशीला दूध सोडलंय."

मी काकूला फोन लावून आईच्या कानाशी धरला. मागं फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज आणि त्यावर ओरडणारी काकू, "पी गं! मी सांगते ना!" आई प्यायली. मग रोजच. ती रोज नव्यानं मोकळी व्हायची आणि रोज नव्यानं बांधली जायची. गालांवर थोडं मांस आलं. नाव नाही आलं.

हिवाळा सरता सरता ती गिळायचं विसरली. फोनमधून काकू सांगत होती, आई मान डोलवत होती, आणि दूध ओठांच्या कडेनं मानेवर उतरत होतं.

"पिली का?" काकूनं विचारलं.

मी फोन बंद केला.

तेराव्याला नैवेद्याचं पान वाढताना मी थांबले. सोडलेला पदार्थ पानावर ठेवत नाहीत. सीताफळाचा हंगाम नव्हता. पण दूध?

"काकू, खीर ठेवू?"

"एक तिनं सोडलं. एक सोडलं आसं तिला वाटलं. तिच्या परीनं पाळलं दोन्ही. तू नको मोडूस."

मी खीर उचलली. मग कढी, दहीभात. आईच्या आवडीचं जे जे केलं होतं, ते बहुतेक दुधाचंच होतं. पानावर वरणभात, भाजी आणि चिमूटभर मीठ राहिलं.

रविराजनं पान उचललं आणि गच्चीकडे निघाला.