बोंडलं

"दूध नळीतनं वतायचं? पोर हाय का कंदील?" माझ्या तान्ह्या हरेश्वरच्या पोटाला मुंबईत रबरी नळी बसवून आणली, तेव्हा माझ्या सासूबाई भागुबाई म्हणाल्या.

जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झाली होती. त्याला गिळता येत नसे, दूध फुप्फुसात जाई. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गावी, थळला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी चुलीवर नळीला जोडायचं नरसाळं उकळत होते. ओटीवरून गुदमरल्याचा आवाज आला. सासूबाईंनी त्याला मांडीवर उताणा दाबून धरला होता. एका हाताने नाक दाबलेलं, दुसऱ्या हातातल्या, दूध पाजायच्या चांदीच्या बोंडल्याची चोच थेट घशात. पोर काळंनिळं पडलं होतं.

मी त्यांचा अंबाडा धरून त्यांना भिंतीवर आपटलं. हरेश्वरला उपडा करून पाठीत धपाटे मारत राहिले. नाकातून दूध आलं, मग रडणं. बोंडलं मी वरवंट्याने चेचून टाकलं.

सासूबाईंच्या कपाळातून रक्त वाहत होतं. "आपरेशनच्या आधी तू असंच पाजत व्हतीस ना गो? तवा तुला कुनी आपटलं?"

मी वरवंटा खाली ठेवला. चार महिने मी असंच नाक दाबून पाजलं होतं. बी.ए. झालेली मी.

हरेश्वर भुकेने कळवळत होता. मी नळीला नरसाळं जोडलं, पण ते तिरकं झालं आणि दूध सांडू लागलं. सासूबाईंनी पदराने रक्त पुसलं आणि नरसाळं माझ्याकडून काढून घेतलं.

"किती वर धरू?"

मी त्यांचं मनगट धरून वीतभर वर नेलं.