पहिला आकडा पुसायचा नाही

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला तो अर्धगोल कोनमापक माझा धाकटा चुलतभाऊ. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे मोजत आलो. गुडघा किती वाकतो, कोपर किती उघडतं, खांदा किती वर जातो, हे सांगणं माझं काम. पोलादाच्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारा एक स्क्रू आणि त्याभोवती अंशांच्या बारीक रेघा, एवढाच माझा संसार. आता मी म्हातारा झालो. वीस ते तीसमधल्या माझ्या रेघा बोटं लागून लागून पुसट झाल्या आहेत. पण मागचं मात्र लख्ख आठवतं. म्हाताऱ्यांचं असंच असतं, सकाळी काय झालं ते विसरतात आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणता सदरा घातला होता ते सांगतात.

मी जन्मलो एका लहानशा कारखान्यात. तिथे शेवटच्या टेबलापाशी एक बाई डोळ्याला भिंग लावून बसायच्या. आमच्यातल्या प्रत्येकाला त्या लोखंडी काटकोनाला लावून बघत. नव्वदाची रेघ केसभर जरी सरकलेली असली तरी तो भाऊ बाजूच्या डब्यात जाई. मला त्यांनी दोनदा लावून पाहिलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाल्या, "हा खरं बोलेल." मित्रांनो, आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण ती पहिली अजून अंगाला लागून आहे.

तिथून मी आलो एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, फिजिओथेरपी विभागात. सहा खाटा, चालण्याच्या सरावाचे दोन समांतर दांडे, भिंतीला टांगलेले रबरी पट्टे आणि दुखरे सांधे शेकायच्या गरम मेणाचा कायम वास. विभागाच्या प्रमुखांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. उंचीनं त्या सगळ्यांत लहान होत्या, पण त्यांच्यासमोर दुखऱ्या पाठीसुद्धा ताठ होत.

मोठ्या बाईंचा एक दंडक होता. पेशंट आला की पहिल्या दिवशीचा आकडा त्याच्या कार्डावर सगळ्यात वर लाल शाईनं लिहायचा. पुढे दर वेळी मोजण्याआधी पेशंटनं तो लाल आकडा स्वतः मोठ्यानं वाचायचा आणि मगच आजचा कोन घ्यायचा. लिहिताना चूक झाली तर पुसायचं नाही, एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. "पहिला आकडा पुसायचा नाही," त्या म्हणत, "आणि त्याच्याशी भांडायचंही नाही. त्याला वर बसू द्यायचं, आपण खाली लिहीत जायचं."

वीस वर्षं मी तिथे मानानं राहिलो. पेशंट मला 'कैची' म्हणायचे. "आली कैची, आता पाय कापणार!" असा विनोद रोज कोणीतरी करायचं आणि रोज सगळे हसायचे. मग पारदर्शक प्लास्टिकचे नवे कोनमापक आले. हलके, स्वस्त, दिसायला गोजिरवाणे. मी खणात गेलो. सोबतीला सेफ्टी पिना, सुकलेलं पेन आणि कोणाच्या तरी कोटाचं एक बटण. चार वर्षं! खण उघडला की उजेड यायचा आणि मी मनात म्हणायचो, आता घेतील. हात यायचा, पिन घेऊन जायचा.

शेवटी मला बाहेर काढलं ते धाकटीनं. विभागात वयानं सगळ्यात लहान, म्हणून तिचं नावच 'धाकटी' पडलं होतं. ती मदतनीस म्हणून लागली होती. खाटा पुसायच्या, मेण तापवायचं, पेशंटला धरून उठवायचं, आणि बाईंनी शिकवलं तसं मोजायचं. प्लास्टिकचे सगळे कोनमापक ज्याच्या त्याच्या खिशात गेले होते, तेव्हा तिच्या वाट्याला मी आलो. "दोघंही उरलेले," ती मला ॲप्रनच्या खिशात टाकत म्हणाली.

ती असं का म्हणाली ते मला हळूहळू कळलं. धाकटीला फिजिओथेरपिस्ट व्हायचं होतं. त्यासाठी तेव्हा तिला पदवीनंतरचा अभ्यासक्रम करावा लागणार होता, आणि तिथे प्रवेशाला साठ टक्के सरासरी हवी असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. तिची सरासरी होती छप्पन्न. पहिल्या वर्षी एकेचाळीस, दुसऱ्या वर्षी शेहेचाळीस, मग पासष्ट, मग बहात्तर. पदवीनंतर तिनं नोकरी करत संध्याकाळच्या वर्गात शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन्ही विषय पुन्हा केले होते, त्यांत चौऱ्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी मिळाले होते. पण ते गुण सरासरीत धरत नव्हते.

त्याच सुमारास शिंपीकाका आले. जिन्यावरून पडून त्यांचा गुडघा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली होती, पण पाय वाकत नव्हता. त्यांचं शिलाई मशीन पायानं चालवायचं. "मोटार बसवा ना," कोणी म्हटलं की ते चिडायचे. "माझे टाके माझ्या पायात आहेत!" त्यांच्या कार्डावर पहिला लाल आकडा पडला तो चाळीस.

पंधरा दिवसांनी तो पंचावन्न झाला. आणि एका मंगळवारी धाकटीनं मला लावलं, वाकून पाहिलं आणि ओरडलीच, "काका, पंच्याहत्तर!" शेजारच्या खाटेवरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. माझा सांधा ढिला झाला होता. चार वर्षं खणात पडून माझी पकड गेली होती, पट्टी आपसूक सरकली होती. जो खरं बोलेल म्हणून निवडला गेला, तो खोटं बोलला होता.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या कोनमापकानं पुन्हा मोजलं. बासष्ट. त्यांनी मला उचललं, एकदा हलवलं आणि शांतपणे विचारलं, "लावण्याआधी काटकोनाला धरून पाहिलं होतंस?"

"नाही, बाई."

"मग आता काय करायचं?"

धाकटीचा चेहरा उतरला होता. पण तिनं कार्डावर पंच्याहत्तरवर आडवी रेघ मारली, बासष्ट लिहिलं, सही केली आणि स्वतः काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, चूक माझी आहे. मी कैची तपासली नाही. तुमचे तेरा अंश मी उगाच वाढवले."

काकांनी कार्ड हातात घेऊन बासष्टवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माप चुकलं की आम्ही उसवतो आणि पुन्हा शिवतो. कापड काही रुसत नाही. आण बघू ती तुझी कैची इकडे."

दुसऱ्या खेपेला त्यांनी त्यांच्या शिलाई मशीनचा एक जुना स्क्रू आणला आणि तिथेच खाटेवर बसून माझ्यात घट्ट बसवला. तो आजही माझ्या पोटात आहे. त्या दिवसापासून धाकटी मोजण्याआधी मला टेबलाच्या कोपऱ्याला लावायची. नव्वद दिसले की मगच पेशंटकडे. सगळे हसायचे, तिनं सोडलं नाही.

हिवाळ्यात तिनं पाच ठिकाणी अर्ज केले. मोठ्या बाईंनी शिफारसपत्र दिलं. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मी चढवून लिहिणार नाही हं," आणि खरंच त्यांनी त्या मंगळवारचीच हकिगत लिहिली होती. ते पाहून धाकटी रडवेली झाली. "बाई, हे कशाला?"

"बाकीचं सगळेच लिहितात," एवढंच म्हणून बाई मेण तापलंय का ते बघायला गेल्या.

एकामागून एक चार नकार आले. चारही पत्रांची भाषा एकाच आईच्या पोटची. पाचव्या संस्थेनं मात्र नकार दिला नाही. त्यांनी कळवलं की तुमचे गुण कमी का, याचं स्पष्टीकरण आठ दिवसांत पाठवा.

त्या संध्याकाळी मी तिच्या खिशातून तिच्या घरी गेलो होतो. आईनं भांडी विसळता विसळता तोडगा काढला. "त्यात काय? लिही, आईचे गुडघे दुखत होते, घरचं सगळं माझ्यावर होतं. ढकल माझ्यावर, माझी काही हरकत नाही."

"आई, तुझे गुडघे ठणठणीत आहेत. काल तू स्टुलावर चढून पंखा पुसलास."

"तेव्हा दुखत होते म्हणावं!"

"तेव्हाही नव्हते दुखत. मी अभ्यासच केला नाही गं. शाळेत न वाचता पहिली यायचे, वाटलं इथेही जमेल."

आई हात पुसत म्हणाली, "मग हे असं लिहिणार आहेस? शहाणीच आहेस."

धाकटीनं काहीच लिहिलं नाही. सहा दिवस कोरे गेले.

सातव्या दिवशी शिंपीकाका आले. दंडकाप्रमाणे त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि खणखणीत वाचलं, "चाळीस!" तिनं मला कोपऱ्याला लावलं, मग गुडघ्याला. एकशेपंधरा. या वेळी टाळ्या वाजल्या त्या खऱ्या आकड्याला. सगळे हसत होते, धाकटी सोडून.

"काय गं पोरी, माझा पाय वाकला आणि तुझं तोंड का वाकडं?"

तिनं सांगितलं. काकांनी विचारलं, "ही सरासरी म्हणजे नेमकं काय करतात?"

"सगळे आकडे मिळवायचे आणि जितके आकडे तितक्यांनी भागायचं. तुमचंच बघा. चाळीस, पंचावन्न, बासष्ट, ऐंशी, अठ्ठ्याण्णव, एकशेपंधरा. झाले साडेचारशे. भागिले सहा..." तिनं कार्डाच्या मागे हिशेब केला. "पंच्याहत्तर."

"म्हणजे माझा गुडघा पंच्याहत्तर?" काका ताडकन उठून उभे राहिले. "अगं, मी आत्ता तुझ्यासमोर एकशेपंधरा वाकवला! पंच्याहत्तरवर पाय ठेवून मशीन चालतं होय? आणि पुन्हा तेच पंच्याहत्तर! खोटं बोलायला याला दुसरा आकडाच येत नाही का?"

शेजारच्या आजी हसून हसून खोकायला लागल्या. धाकटी मात्र कार्डाकडे टक लावून बघत होती. मग तिनं मोठ्या बाईंकडे वळून विचारलं, "बाई, एक कोरं कार्ड घेऊ?"

बाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. 

पेशंटच्या नावाच्या जागी तिनं स्वतःचं नाव लिहिलं. सगळ्यात वर लाल शाईनं एकेचाळीस. खाली तारखांसह शेहेचाळीस, पासष्ट, बहात्तर, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. शेऱ्याच्या जागी दोन ओळी: 'पहिली दोन वर्षं मी अभ्यास केला नाही. आमच्या विभागात पेशंटचा पहिला आणि आजचा आकडा बघतात, सरासरी काढत नाहीत.' खाली सही. तेच कार्ड तिनं पाठवून दिलं.

दहा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला मी तिच्या पिशवीत होतो. लांबट खोली, खिडकीत एक वाळलेली कुंडी, टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या चष्मेवाल्या बाईंच्या हातात तिचं कार्ड होतं. त्या म्हणाल्या, "स्पष्टीकरण मागितलं की लोक चार पानं पाठवतात. तुम्ही दोन ओळी पाठवल्यात. घरी काही अडचण, आजारपण?"

"नाही. घरी सगळं ठीक होतं. आईनं तिच्या गुडघ्यांवर ढकलायला सांगितलं होतं, पण तिचे गुडघे चांगले आहेत."

कडेचे टक्कलवाले सर खोकल्यासारखं करून हसले. मग चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "बरं, आमच्या या सरांचा खांदा महिनाभर धरलाय. मोजून दाखवा."

धाकटीनं मला बाहेर काढलं.  पण सरांकडे जाण्याआधी ती टेबलाच्या कोपऱ्याशी गेली, मला लावलं, वाकून नव्वद पाहिले आणि मगच वळली.

"हे काय केलंत?"

"तपासलं. हा एकदा खोटं बोललाय. त्याहून खरं सांगायचं तर, मी न तपासता त्याला बोलू दिलं."

"म्हणजे पत्रातला तो मंगळवार तुमचाच!" चष्मेवाल्या बाई सरांकडे वळल्या. "सर, यांना तुमचा खांदा देऊन बघू या."

तिनं मोजलं, पुन्हा मोजलं, एकशेदहा सांगितलं. सरांनी उसासा टाकला. "मी तर सगळ्यांना एकशेतीस सांगत होतो."

मित्रांनो, त्या दिवशी मला त्या भिंगवाल्या बाईंची फार आठवण झाली.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा धाकटी मेण ढवळत होती. तिनं ते वाचलं आणि पळी हातात घेऊनच समांतर दांड्यांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. दांडे धरून चालणारा पेशंट म्हणाला, "ताई, मला पण हीच गोळी द्या!" मोठ्या बाईंनी पत्र घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा पुसायला सुरुवात केली. तो चष्मा त्या दिवशी बराच वेळ स्वच्छ होत नव्हता.

विभागातल्या तिच्या शेवटच्या दिवशी शिंपीकाका काठीशिवाय आले. हातात घडी केलेला पांढराशुभ्र ॲप्रन. "दोन्ही पायांनी शिवलाय," ते म्हणाले. "एक टाका इकडचा तिकडे नाही." छातीपाशी एक अरुंद, लांब खिसा होता. धाकटीनं मला त्यात सरकवलं. मी नेमका बसलो. इतक्या वर्षांत सगळ्यांची मापं मी घेतली होती, माझं माप घेणारा तो एकटाच.

आज धाकटीला धाकटी म्हणणारं कोणी उरलं नाही. तिचे केस पिकले, ती स्वतः एका विभागाची प्रमुख आहे आणि तिथली मुलं तिला 'मोठ्या बाई' म्हणतात. तिच्या टेबलाच्या काचेखाली ते जुनं कार्ड आहे. वर लाल एकेचाळीस, खाली इतके आकडे की कार्डाला दुसरं कार्ड जोडावं लागलं. कधी एखादी मुलगी गुणपत्रिका पाठीमागे लपवून दारात उभी राहते. मग बाई मला त्या खिशातून काढतात, तिच्या हातात देतात आणि म्हणतात, "आधी कोपऱ्याला लावून बघ. मग तुझा पहिला आकडा मोठ्यानं वाच."

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. खणात पडलेली जुनी वस्तू टाकून देऊ नका, अनेकदा तिला एक स्क्रूच हवा असतो. मोजण्याआधी माप तपासा. आणि तुमचा पहिला आकडा कितीही लहान असला तरी तो पुसू नका, वरच बसू द्या. खाली लिहायला जागा खूप आहे.