अर्कबाबाची न बुरसणारी भाकरी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगतच्या मैदानात त्या शुक्रवारी एवढी गर्दी लोटली, की मुंगीलाही आत शिरायला वशिला लागला असता. मंचावर काचेच्या दोन बरण्या आणि त्यांच्यामध्ये खुद्द अर्कबाबा.

“पाहा, भक्तहो! दहा दिवसांपूर्वी दोन्हींत भाकरी ठेवली. हिच्यावर डॉक्टरच्या मलमाचा ठिपका, हिच्यावर एकवीस वनस्पतींच्या अर्काचे दोन थेंब!”

मलमवाल्या भाकरीला बुरशीची हिरवी दाढी फुटली होती. अर्कवाली मात्र गोरीपान, जणू आत्ताच न्हाऊन आलेली. जयजयकाराने आसपासची कबुतरं उडाली, ती म्हणे मोहोळला जाऊनच टेकली.

नागम्मानंही भाकऱ्यांची पाटी खाली ठेवून हात जोडले. शेजारी म्हाळसाबाई लंगडत उभी. दोघी वर्षानुवर्षं एकत्र भाकऱ्या थापायच्या. म्हाळसाबाईला साखरेचा आजार, त्यात पायाची बोटं बुरशीनं चिघळलेली. औषध चुकवलं तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“नागम्मा, आजपासनं गोळ्या-मलम बंद,” म्हाळसाबाई म्हणाली. “त्या मलमानं भाकरीची ही गत केली, माज्या पायाची काय करंल?”

नागम्मालाही पटलं. तरी मन राहीना. संध्याकाळी घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इंद्रायणी मॅडमना भाकरी द्यायला गेली, तेव्हा अर्काची बाटलीही घेऊन गेली. मॅडम कॉलेजात झाडपाल्याचे अर्कच तपासत.

पाच दिवसांनी मॅडमनी हाक मारली. “नागम्मा, जांभळ्या द्रावणात अर्क टाकला, रंग पिवळा झाला. म्हणजे अँटिऑक्सिडंट गुण आहे.”

“अय्यो, मग बाबा खराच की!”

“तुझ्या चहानंही तेवढाच पिवळा झाला. तो गुण वेगळा, बुरशी मारणं वेगळं. आता बुरशीचं ऐक. थाळीत एकीकडे अर्क ठेवला, एकीकडे नुसतं पाणी, तिसरीकडे डॉक्टरांचं मलम. बुरशी पहिल्या दोन्हींवरून सारखीच चालत गेली. मलमाभोवती मात्र रिंगण मोकळं राहिलं.”

“मग बरणीतली भाकरी कशी टिकली वो?”

“तेच विचारते. दोन्ही भाकऱ्या एकसारख्या होत्या का?”

नागम्मानं मनात भाकऱ्या मोजल्या. बाबाच्या मठाची भाकरी तिच्याकडूनच जायची. पन्नास कडक आणि एकच मऊ. ती एक मऊ बाबाच्या दातांसाठी असेल, असं समजून ती बिचारी तिच्यावर तूपही लावत होती!

पुढच्या शुक्रवारी बाबा गरजत होता, “कॉलेजच्या मशिननं अर्काला पास केलंय!” अर्धी बातमी त्याच्यापर्यंत बरोबर पोचली होती.

नागम्मा पदर खोचून मंचावर चढली.

“हात लावू नकोस बाई! तेज उडून जाईल!”

तोवर झाकण उघडलं होतं. तिनं गोरीपान भाकरी दोन्ही हातांत धरली आणि मोडली.

कड्ड!

दात आल्यापासून कडक भाकरी खाणाऱ्या अख्ख्या मैदानानं कान टवकारले. तो आवाज सोलापुरात कोण ओळखणार नाही?

“ही माझ्या हातची कडक भाकरी. सहा महिने डब्यात ठेवा, अर्क न लावता! पाणीच न्हाय हिच्यात, बुरशी जगंल कशावर? आणि ती दुसरी मऊ, ओली, वर झाकण घट्ट; ठिपकाभर मलम तिला किती पुरंल? बाबा, आता एकाच मऊ भाकरीचे दोन तुकडे करते. एकावर अर्क, एकावर पाणी. बसू या की दहा दिवस, हितंच!”

बाबाकडे दहा मिनिटंही नव्हती. त्याला अचानक बार्शीच्या भक्तांची फार आठवण आली.

नागम्मानं त्याच पावली म्हाळसाबाईला दवाखान्यात नेलं. आठवड्याच्या खाड्यानं जखम वाढली होती. डॉक्टर दोघींवर मनसोक्त ओरडले. नख गेलं, बोट वाचलं.

आता कुणी गुणाचा पाला, अंगारा, ताईत घेऊन आलं, की म्हाळसाबाई पाय पुढं करून बसते आणि विचारते, “व्हय रं बाबा, तुजी दुसरी भाकरी कसली हुती?”

हात जोडायच्या आधी तुम्हीही एवढं विचारा. देव असेल तर रागावणार नाही. रागावला, तर तो अर्कबाबा समजावा.