कडू जिभेची सून

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीच्या हॉलबाहेर अमावास्येच्या दुपारी चपला काढायला जागा उरली नव्हती. उत्तरेश्वर महाराज आले होते. कागदाच्या पट्टीवरून घरातली करणी ओळखतात असा त्यांचा लौकिक, आणि लौकिक व्हायला हल्ली मोबाइलवरचे दोन व्हिडिओ पुरतात.

कोपऱ्यात ऋतिका पाच वर्षांच्या राजनंदिनीला पोटाशी धरून उभी होती. सासरे बजरंगराव जिन्यावरून पडून अंथरुणाला खिळले, पाठोपाठ नवऱ्याची, विश्वजीतची, आयटीतली नोकरी गेली, तेव्हा सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, महाराजांना बोलावणं धाडलं. काल महाराजांनी घरी येऊन प्रत्येकाच्या जिभेवर एक पट्टी ठेवली. सासरे, सासूबाई, विश्वजीत, तिघांनाही ती कोऱ्या कागदासारखी लागली. ऋतिकाला मात्र कडूजहर. राजनंदिनीनेही ती थुंकून टाकली.

"बघा," महाराज माइकवरून सांगत होते, "या घरच्या रक्ताला कडू नाही. बाहेरून आलेलीला कडू, आणि तिच्या पोटच्या पोरीलाही कडू. बाधा कुठून आली, कुठवर गेली, देवाने पत्ताच लिहून दिलाय, पिनकोडसकट."

उपाय ठरला होता. जिभेवर तापलेल्या सळईचा डाग, आधी आईला, मग लेकीला. शेगडीत सळई लाल होत आली होती.

ऋतिकाला सळईहून जास्त भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. कागद खरोखरच कडू लागला होता. म्हणजे आपल्यात काहीतरी असणार, आणि ते आपणच पोरीला दिलं असणार. या विचाराने रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. तिने विश्वजीतकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"आई, मला द्या डाग. तिला नको."

"दोघींचं काढावं लागंल, पोरी," तुळजाबाई रडतच म्हणाल्या. "मला काय हौस हाय व्हय?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारका मॅडम पुढे आल्या. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत.

"महाराज, एक पट्टी मला द्या."

"आपण या घरच्या नाही."

"म्हणूनच मागतेय."

त्यांनी स्वतःच महाराजांच्या डबीतली पट्टी उचलून जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. मग महाराज हात पुढे करेपर्यंत अख्खी डबी गर्दीत फिरायला दिली. "सगळ्यांनी घ्या. प्रसादच आहे."

पाहता पाहता निम्म्याहून जास्त हॉल थू थू करू लागला. चेअरमन हिंदुरावांनी पाणी मागितलं.

"चेअरमनसाहेब, बाधा तुम्हालाही आहे की," मॅडम म्हणाल्या. "महाराज, एवढ्या जिभांना एक सळई पुरायची नाही. आणि आपण नाही चाखत?"

"आमचा उपास आहे," महाराज पुटपुटले.

मॅडम तुळजाबाईंकडे वळल्या. "या कागदाला पी.टी.सी. नावाचं रसायन लावलेलं असतं. मी दरवर्षी मुलांना हाच कागद चाखायला देते. काहींना कडू लागतो, काहींना लागतच नाही. ते आईबापांकडून येतं, डोळ्यांच्या रंगासारखं. तुम्हा नवराबायकोला लागत नाही, म्हणून विश्वजीतलाही नाही. सून दुसऱ्या घरची, तिची जीभ तिच्या माणसांची. नातीने तिची घेतली. महाराजांना एवढंच ठाऊक होतं, की घरात कुणाला ना कुणाला कडू लागतंच, आणि सून नेहमी बाहेरूनच येते."

"पन कडूच का लागतं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"रानातली पुष्कळ विषं कडू असतात. ज्यांना कडू कळलं त्यांनी थुंकलं, ते जास्त जगले, त्यांची पोरं वाढली. हजारो पिढ्या अशीच निवड होत आली, असं शास्त्र मानतं. ही बाधा नव्हे, तुळजाबाई. जिभेवरचा पहारा आहे."

महाराज मागच्या दाराकडे सरकले, तिथे हिंदुराव पोलिसांना फोन लावत उभे होते.

तुळजाबाईंनी तांब्यातलं पाणी शेगडीवर ओतलं. सळई चर्र वाजली, तशी राजनंदिनी दचकून आईला बिलगली. विश्वजीतने तिला घ्यायला हात पुढे केले. ती गेली नाही.

"आई, मला कडू लागलं, ते चांगलं ना?"

"हो गं," ऋतिका म्हणाली.

दोघींची भीती जायला दिवस लागतील. आपल्याला एवढंच करता येईल, की कुणी जिभेवर काही ठेवलं तर विचारायचं, हे काय आहे. आणि म्हणायचं, महाराज, आधी आपण.